नवरा काय करतो?

सोलापुरात गिरणीच्या दारात बायकांना विचारायचे प्रश्न ठरलेले होते. कुठली? आधी कुठे होतीस, का सोडलंस? हात दाखव. पोरं किती, अंगावर पिणारं आहे का? आणि नवरा काय करतो?

विचारणारी असे आमच्या वाईंडिंग खात्याची नायकीण. वाईंडिंगमध्ये सूत बॉबिनवर भरायचं. ते काम बायकांचं होतं, आणि कुठली बाई घ्यायची, कुठली काढायची, हे सगळं नायकिणीच्या हातात होतं. साहेब नुसती मान हलवत असे. नायकीण दारातच उभी राहून दोन-तीन मिनिटांत एका बाईचा निकाल लावी. मी त्या खात्यात बारा वर्षं काढली. माझा नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला आणि दिराच्या घरी राहण्यात अर्थ नाही हे मला महिन्याभरात कळलं, म्हणून मी गिरणीत आले. माझे वडील मैंदर्गीला शाळामास्तर होते. त्यांनी मला चार इयत्ता शिकवल्या होत्या, त्यामुळे आमच्या चाळीत पत्रं, अर्ज, दवाखान्याच्या चिठ्ठ्या माझ्याकडेच येत. त्यातूनच पुढे नायकिणीसमोर काय बोलायचं ते विचारायला बायका येऊ लागल्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी त्यांना ओट्यावर बसवून प्रश्न विचारत असे आणि उत्तरं घोटून घेत असे.

त्यात अवघड काही नव्हतं. कुठली म्हणून विचारलं की गाव खरंच सांगायचं, कारण बोलण्यावरून ते कळतंच. पण गावाकडे आता कोणी उरलेलं नाही, हेही त्याच दमात सांगायचं. गावात शेत असलेली बाई ज्वारीच्या काढणीला पळते, असा नायकिणीचा अनुभव होता आणि तो खरा होता. आधीची जागा का सोडली याचं उत्तर देताना तिथल्या नायकिणीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. सगळ्या नायकिणी एकमेकींच्या नात्यातल्या नाहीतर ओळखीतल्या. हात दाखवायच्या आधी ते चुलीच्या राखेनं चोळून कोरडे करायचे. घामट हाताच्या बाईचं सूत डागाळतं. मग नायकीण सुताचा धागा तोडून देई आणि जोडायला सांगे. तेव्हा गाठ बसेपर्यंत तोंड उघडायचं नाही. कितीही विचारलं तरी नाही. बोलणाऱ्या बाईची गाठ ढिली, असं नायकिणीचं मत होतं.

अंगावर पिणारं मूल असेल तर एकच उत्तर: सासू सांभाळते. माझ्या माहितीत, मुळात नसलेल्या सासवांनी बरीच पोरं सांभाळली. प्रत्यक्षात त्या पोरांना सकाळी अफूची बारीक गोळी देऊन झोळीत घातलेलं असे, आणि ती आई परत येईपर्यंत झोपत. त्यातली सगळीच उठली नाहीत. आमच्या चाळीतली दोन उठली नाहीत. त्यांच्या आयांना उत्तर मीच शिकवलं होतं. गोळी मी शिकवली नव्हती, ती त्यांना आधीपासून माहीत होती. पण मला कल्पना नव्हती असं मी म्हणणार नाही.

नवऱ्याचा प्रश्न पूर्वी सरळ होता. नवरा गिरणीत आहे असं सांगितलं की काम होई. मग बाळंतपणाच्या रजेचा पगार गिरणीनं द्यावा असा कायदा झाला. चांगला कायदा होता. मालकांनी तो मोडला नाही, त्यांनी फक्त नायकिणींना समज दिली. तेव्हापासून नवरा काय करतो हा प्रश्न पहिला आला आणि त्याचा अर्थ बदलला. नवरा जवळ असलेली तरुण बाई म्हणजे आज ना उद्या बाळंतपण. विधवा बरी, आणि ती नायकिणीला कायद्याआधीही बरीच वाटे. मला स्वतःला पूर्वी घेताना नायकीण म्हणाली होती, "नवरा न्हाय? बरं झालं. काढ हात." तेव्हा मला ते लागलं होतं. नंतर कळलं की ती माझ्या फायद्याचंच बोलत होती.

त्याच दिवसांत आमच्या चाळीत सहा नंबरच्या खोलीत एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन लहान मुली. वैरागकडचे, म्हणून सगळे त्या बाईला वैरागवाली म्हणत. नवरा गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. तिथली धूळ छातीत बसून त्याला क्षय झाला आणि त्याला घरी बसवलं. डॉक्टरनं वर्ष-दीड वर्ष सांगितलं होतं. घरात कमावणारं कोणी नाही. वैरागवाली चोवीस-पंचवीसची असेल, कामाला वाघीण, पण तोंडानं भोळी. चाळीजवळच्या गिरणीत ती मला न विचारता एकटीच गेली आणि तासाभरात परत आली.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"नवरा काय करतो म्हनली. म्या म्हनलं घरी हाय, छातीचं दुखनं हाय."

"मग?"

"म्हनली, घरी हाय म्हंजे तर लईच वाईट. वर्साच्या आत पाळना हलवशील, जा. समद्या हसल्या, अक्का."

माझी गिरणी रेल्वेच्या फाटकापलीकडे होती. चाळीतून तिकडे मी एकटीच जात असे, बाकीच्या सगळ्या जवळच्या गिरणीत. म्हणजे तिकडे हिला ओळखणारं कोणी नव्हतं. मी फार विचार केला नाही. सुट्टीच्या दिवशी तिच्या खोलीत गेले आणि सांगितलं, की माझ्या खात्यात जागा निघणार आहे, आणि तू विधवा आहेस असं सांगायचं.

नवरा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "मला मारताय व्हय? मारा की. पन मला इचारून मारा."

"असलं तोंडातनं कसं काढू?" ती म्हणाली.

"तोंडातनंच काढायचं हाय. तिरडी न्हाय बांधायची. अक्का, तुमी इचारा. बघू काय म्हनती ती."

मग मी नायकीण झाले. नवरा काय करतो? ती गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. तिसऱ्यांदा त्यानंच उत्तर दिलं, "मेला म्हन की!"

कशानं मेला हे ठरवायला हवं होतं. मी ताप सुचवला. त्याला तो पसंत पडला नाही.

"ताप नगं. तापानं मानूस लई दिस लोळतंय. ती इचारंल, दवाखाना कुटला, डाक्टर कुटला. पटकी बरी. सकाळी हुता, सांजच्याला न्हाय. संपलं."

"कधी?"

"गेल्या वर्सी. बाजाराच्या दिशी. ध्यानात ऱ्हातंय." एवढं बोलून तो हसला आणि खोकला सुरू झाला. मुलींनी त्याच्यासमोर टिनाचा डबा धरला. त्यांना त्याची सवय होती.

मी पुढचा प्रश्न विचारला. त्यांच्या समाजात विधवेनं पुन्हा घर केलं तर त्याला पाट लावणं म्हणत, आणि नायकीण ते हमखास विचारी. "पाट लावशील?"

वैरागवालीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतीस? मी मेलोय," तो म्हणाला. "न्हाय म्हन!"

तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि मला वाटलं हिला जमेल.

बांगड्या साबण लावून काढल्या. फोडायच्या नाहीत असं तिनं आधीच बजावलं होतं. त्यातली एक काढताना फुटलीच. ती तुकडा हातात घेऊन बसली. नवऱ्यानं तो तिच्या हातातून घेतला आणि खिडकीतून बाहेर टाकला. "काच हाय, फुटती," म्हणाला. दोन ढिल्या बांगड्या ठेवल्या, येता-जाता घालता-काढता येतील अशा.

ठरलं ते असं. घरातून निघताना ती कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या अशी निघे. रेल्वे फाटकाच्या अलीकडे रस्त्याखालून पाणी जायची एक मोरी होती. तिथे खाली उतरून कुंकू पुसायचं, बाकीचं काढून एका डबीत घालायचं. संध्याकाळी त्याच मोरीत सगळं परत चढवायचं. डबी माझ्या पिशवीत राही, कारण खात्यातून निघताना नायकीण नव्या बायकांच्या ओट्या तपासे, सूत चोरलंय का म्हणून. मला जुनी म्हणून सोडत. विधवेच्या हातात कुंकवाची डबी असू नये, हे मला ठाऊक होतं. पण धरायला दुसरं कोणी नव्हतं.

पहिल्या दिवशी मी दारात तिच्या मागे दोन हातांवर उभी होते.

"नवरा काय करतो?"

"न्हाय."

"न्हाय म्हंजे? पळाला?"

"मेला. पटकीनं. गेल्या वर्सी, बाजाराच्या दिशी."

"पाट लावशील?"

"न्हाय."

"आत्ता समद्या न्हायच म्हनत्यात. चार म्हैनं झालं की येती पेढं घिऊन."

"दोन लेकी हायत. मला कोन करंल?"

हे मी शिकवलं नव्हतं. तिनं स्वतःच जोडलं, आणि ते इतकं बरोबर होतं की नायकिणीनं पुढे काही विचारलं नाही. धागा तोडून दिला. वैरागवालीनं ओठ मिटून गाठ मारली. गाठ धरली. "बरं झालं," नायकीण म्हणाली. "बिनघोर काम करशील. चल आत."

ती दीड वर्ष कामाला आली. एक दिवस चुकवला नाही. खालच्या मानेनं काम करी आणि डब्यातली भाकरी शेंगाच्या चटणीशी माझ्याजवळ बसून खाई. तिला दया दाखवणाऱ्या बायकांशी ती कमी बोले. संध्याकाळी मोरीत उतरली की कुंकू लावताना आरसा नसे, म्हणून मी सांगे, जरा डावीकडे, जरा वर. घरात शिरली की नवरा विचारी, "मेलो का आज बी?" आणि ती म्हणे, "मेलासा." रोज. चाळीच्या भिंती पातळ, मला रोज ऐकू येई. तो तिचं कपाळ नीट बघून घेत असे. मुलींनाही या खेळाची सवय झाली. धाकटी एकदा चाळीच्या अंगणात सांगत होती की आमचा बा दिवसा मेलेला असतो. चाळीतल्या मोठ्या माणसांना सगळं माहीत होतं. कोणी बाहेर बोललं नाही. तेवढं चाळीत होतं.

तो थंडीच्या दिवसांत गेला, सकाळी, पहिल्या भोंग्याच्या थोडं आधी. डॉक्टरनं सांगितल्यापेक्षा जास्तच जगला. मी त्यांच्या खोलीत गेले, पाहिलं, मुलींना माझ्या खोलीत आणून बसवलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याला पुढचं बघायला सांगितलं. मग मी कामाला गेले. दोघी एकाच दिवशी गैरहजर राहिलो असतो तर विचारपूस झाली असती. मी तिथे न थांबल्याबद्दल चाळीत पुष्कळ बोललं गेलं.

फाटकाशी पोचेपर्यंत मला माझी चूक कळली होती. दारातले सगळे प्रश्न मी तिच्याकडून घोटून घेतले होते. आत गेल्यावर एक प्रश्न विचारला जातो, तो मी विसरले होते: रजा कशाला? मयताची रजा मिळत असे. आई, बाप, मूल, नवरा. पण हिचा नवरा कागदावर आधीच मेलेला होता.

"तुझी जोडीदारीन कुटं हाय?" नायकिणीनं विचारलं.

"ताप आलाय."

"तीन दिस बघीन. चौथ्याला दुसरी घीन. दारात ईस उभ्या हायत."

ते खोटं नव्हतं. मंदीचे दिवस होते, गिरण्या पाळ्या कमी करत होत्या, आणि दारात विसाहून जास्तच असत.

संध्याकाळी परतले तेव्हा मुलींच्या बापाला पोचवून माणसं परत आली होती. म्हाताऱ्या बायकांनी रीतीप्रमाणे हिच्या बांगड्या फोडल्या होत्या. त्या बांगड्या आदल्या संध्याकाळी माझ्याच डबीतून बाहेर आल्या होत्या. ती कोपऱ्यात बसली होती. मी तिला तीन दिवसांचं सांगितलं.

दाराशी बसलेली म्हातारी उसळली. "धा दिस तिनं उंबरा वलांडायचा न्हाय. काय लाज हाय का न्हाय?"

"मग अकराव्या दिवशी तिला काम तुम्ही द्याल का?" मी म्हटलं.

"तूच पुसाय लावलंस. रोज पुसायचं, रोज लावायचं! त्येबी तुझ्या हातातली डबी. जगतुय व्हय मानूस?"

मी वैरागवालीपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

म्हातारी गेल्यावर वैरागवालीनं कोपऱ्यातून विचारलं, "अक्का, म्हातारी म्हनती ते खरंच का?"

"छातीनं गेला तो. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. तुला माहीत आहे."

"पन आपुन पटकी म्हनलो हुतो," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी ती माझ्याबरोबर निघाली. चाळीतली दारं लागलेली होती, पण दारांमागे बायका होत्या. फाटकाच्या अलीकडे मोरी आली तशी ती सवयीनं खाली उतरली. पदर धरून हात कपाळाकडे गेला. पुसायला काही नव्हतं. ती तशीच दोन पावलं वर आली आणि चालू लागली. मी वाटेत तिला पुन्हा एकदा बजावलं: ताप उतरला का विचारेल. उतरला म्हणायचं. एक शब्द. पुढे काही नाही.

खात्यात कोणाला तिच्यात फरक दिसला नाही. दिसण्यासारखा फरक नव्हताच. दीड वर्ष ती तिथे अशीच येत होती.

नायकीण फिरत फिरत आमच्या ओळीत आली. "ताप उतरला?"

वैरागवाली तुटलेला धागा जोडत होती. गाठ बसेपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, "नवरा मेला."

यंत्रांचा आवाज मोठा. नायकिणीनं कानामागे हात धरला. ती पुन्हा म्हणाली, ओरडून, आणि आमच्या ओळीतल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या.

"त्यो तर कवाच मेला की," नायकीण म्हणाली. "पटकीनं. तूच म्हनलीस."

"व्हय."

"मग आता काय?"

"आता रडायचं हाय."

नायकिणीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माझ्या बॉबिनकडे पाहत होते. माझीही जागा त्या क्षणी गेलेली होती, असं मी धरून चालले होते. मी काय विचार करत होते ते सांगते: तिचं काय होईल याचा नाही, माझ्या जागी उद्या कोण उभी राहील याचा.

"रडायचं ते घरी," नायकीण म्हणाली. "हितं सूत भिजतंय." आणि पुढच्या ओळीत गेली.

दुपारच्या सुट्टीत पाण्याच्या रांजणाजवळ नायकिणीनं मला गाठलं.

"तू शिकिवलंस न्हवं?"

"हो."

"मग नीट शिकवायचं हुतं. हितं साहेब उभा असता तर दोघींचं नाव काटावं लागलं असतं मला." तिनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं. "आता खरी झाली, म्हनून ठिवली. न्हाईतर ठिवली नसती. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. रागाचं त्यात काही नव्हतं. गिरणीला विधवा हवी होती आणि आता गिरणीकडे विधवा होती. हिशोब मिटला.

वैरागवाली त्यानंतर पुष्कळ वर्षं कामाला आली. त्या दिवशी संध्याकाळी ती रडली नाही, निदान मला भिंतीतून ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते इतकंच, की ती घरात शिरली आणि धाकटीनं सवयीनं विचारलं, "मेला का?" थोरलीनं तिला मारलं. डबी मी तिला परत द्यायला गेले. तिनं ती घेतली नाही. माझ्याकडे ती बटणं ठेवायला उपयोगी पडली.

लोकांना वाटतं, त्यानंतर मी तो सल्ला देणं बंद केलं असेल. केलं नाही. कायदा तोच होता, प्रश्न तोच होता, दारात बायका वाढतच होत्या. आणखी दोघी माझ्याकडे आल्या. एवढंच, की मी आता सगळ्यांत आधी स्वतः एक प्रश्न विचारू लागले: नवऱ्याची तब्येत कशी आहे? पहिलीचा नवरा धडधाकट होता. तिला मी सांगितलं, मेला म्हण.

दुसरी म्हणाली, खोकला असतो जरा.

तिला मी म्हटलं, पळाला असं सांग. पळालेल्या माणसाच्या मयताला पुढे रजा मागता येते.